सिंधुबाईंनी कोपीचं दार मागं ठेवलं

सिंधुबाईंनी मला फोटो काढू दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण संपादकांचा पहिला प्रश्न तोच असणार.

झालं असं, की नोव्हेंबरच्या शेवटी पुरवणी विभागातून फोन आला. 'नाताळ विशेष' काढायचं होतं. पुण्यात कुठे जाल, काय पाहाल. कॅम्पातली रोषणाई, चर्चमधली गाणी, कुठला केक कुठे मिळतो, कुठल्या मॉलमध्ये किती फुटांचं झाड आहे, आणि मैदानावरच्या नाताळनगरीत खोटा बर्फ किती वाजता पडतो. बर्फाची वेळ ठळक अक्षरात द्यायची होती. आमच्या खेड्यापाड्यांत नळाला पाणी कधी येतं, ते आजवर कुठल्याही पुरवणीनं ठळक अक्षरात छापलेलं नाही. असो. त्या नाताळनगरीत 'आई-बाळ झोपडी' नावाचं खास आकर्षण आहे आणि ते गेल्या वर्षी नांदूरघाटच्या कुणा बाईनं उभं केलं होतं, म्हणे. तेव्हा थोडक्यात लिहा, बाईचा हसरा फोटो पाठवा, नऊवारीत असेल तर उत्तम. 'हसरा' हा शब्द उपसंपादकानं दोनदा वापरला.

मी आप्पाराव, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्याचा वार्ताहर. तीस वर्षं हेच करतोय. पूल खचला, पुढारी आला, की मोटारसायकलला किक मारायची. त्याच सवयीनं नांदूरघाटला गेलो.

सिंधुबाईंचं घर गावाच्या खालच्या अंगाला. दोन खोल्या, वर पत्रे, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दाराला जाड वाकळीचा पडदा. बाई साठीच्या आसपास. गुडघे गेलेले, आवाज मात्र उसाच्या फडातला, या बांधावरून त्या बांधावर पोचणारा. मी पडदा उचलून, वाकून आत गेलो आणि कॅमेरा बाहेर काढला.

"फोटो न्हाई," त्या म्हणाल्या. "चहा घ्या. सांगते ते ऐका. मग लिवायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा."

"कावून न्हाई?" मी विचारलं.

"ते बी कळंल."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढ्या लांब धुरळा खात आलो होतो. पण ऐकत गेलो तसा तो राग बाईंवरून उठून दुसऱ्यांवर जाऊन बसला.

कोपी म्हणजे काय, ते पुण्याच्या वाचकांना सांगायला हवं. ऊसतोडीला गेलेली टोळी कारखान्याच्या माळावर पाच-सहा महिने जिच्यात राहते, ती बांबूची आणि उसाच्या पाचटाची झोपडी. साखर सगळ्यांना माहीत असते, कोपी कुणाला माहीत नसते. सिंधुबाईंनी पंचवीस हंगाम ऊस तोडला आणि दर हंगामाला आपली कोपी आपल्या हातानं बांधली. त्यांचे मालक शहादेव बांबू रोवायचे, बाकी सगळं बाईंचं. पाचट खालून वर लावत जायचं, थरावर थर, म्हणजे अवकाळी पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. दार वाऱ्याच्या उलट अंगाला. आणि टोळीत कुणी पोटुशी असली, तर तिची कोपी वेगळी. तिचं दार रस्त्याकडं न ठेवता मागं ठेवायचं, बांधाच्या नाहीतर बैलगाडीच्या आडोशाला. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत जाता कामा नये, वारं लागता कामा नये. ही रीत कुठं लिहिलेली नाही. सिंधुबाईंनीच ती आपल्या टोळीत पाडली, आणि मग बाया निघायच्या आधीच सांगून ठेवायला लागल्या, की आमची कोपी सिंधुमावशीच्या हातची.

त्यांचा मुलगा जीवन बारावी करून पुण्याला गेला आणि मांडव-सजावटीच्या एका कंपनीत लागला. गणपतीत देखावे, लग्नसराईत कमानी, डिसेंबरात नाताळ. नाताळनगरीत ते दर वर्षी थर्माकोलचा गोठा करायचे. गेल्या वर्षी मालकांना काहीतरी 'अस्सल' हवं झालं. शहराला मधूनमधून असे अस्सलचे उमाळे येतात आणि ते नेमके आमच्या गरिबीवर येऊन थांबतात. जीवन सहज बोलून गेला, की माझी माय पाचटाची झोपडी बांधते. चार दिवसांनी सिंधुबाई पुण्यात.

मैदानावर कामं चालूच होती. लोखंडाचं उंच झाड, त्याला प्लास्टिकच्या फांद्या. साबणाच्या फेसाचा बर्फ उडवणारं यंत्र. लाल डगल्यातल्या म्हाताऱ्याची खुर्ची आणि तिच्यापुढं रांगेसाठी दोऱ्या. झुकझुक गाडी, केकचे गाळे, सेल्फीसाठी चांदण्यांची कमान. सिंधुबाईंनी कशालाही नावं ठेवली नाहीत. "लई देखणं व्हतं," त्या मला म्हणाल्या. "आपल्याकडं जत्रा, तशी त्येंची."

त्यांना नाताळची गोष्ट सांगितली सरस्वतीबाईंनी. या नगरकडच्या, पिढीजात ख्रिस्ती, चर्चच्या गायनमंडळात पेटी वाजवणाऱ्या. मंडळाचा सराव मैदानावर चालायचा. सिंधुबाई पाचटाच्या पेंढ्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "अक्का, ह्या घरात ऱ्हानार कोन हाय?"

सरस्वतीबाईंनी सांगितलं. दिवस भरलेली बाई. सरकारनं शिरगणती काढली म्हणून नवऱ्याबरोबर परगावी निघालेली. धर्मशाळेत जागा मिळाली नाही. गोठ्यात बाळंत झाली आणि बाळ गव्हाणीत ठेवलं.

सिंधुबाईंचा हात थांबला. "दिस भरल्याली बाई सरकारच्या कामाला निघाली? आन एका बी घरानं दार उघडलं न्हाई?"

"नाही उघडलं."

"मंजी आमच्यावानीच की," सिंधुबाई म्हणाल्या. "आमचा देव न्हाई त्यो, अक्का. आमी बुद्धाची मानसं. पन बाळंतीण ती बाळंतीण. तिची कोपी म्या बांधते. बघाच तुमी."

आणि इथं चूक झाली. चूक हा कंपनीचा शब्द. कंपनीला देखावा हवा होता, सिंधुबाईंनी बाळंतिणीची कोपी बांधली.

तीन दिवस लागले. नेहमीच्या दुप्पट मोठी, बघत राहावी अशी, आणि गर्दी येणार त्या बाजूला सपाट बंद. दार मागं, कुंपणाच्या भिंतीकडं, त्याला आपल्या गाठोड्यातली वाकळ लावलेली. आत तीन दगडांची चूल, पाणी तापवायला डेचकं, बाज, बाजेखाली शेकासाठी घमेलं. कंपनीनं आणलेली प्लास्टरची मरिया, म्हणजे बाळाची आई, बाजेशी टेकवली आणि बाळ गव्हाणीतून उचलून झोळीत घातलं. "बैल तोंड घालत्येत तिथं लेकरू ठिवत्येत व्हय?" गव्हाण बाहेर काढून ठेवली. मग गडीमाणसांचा नंबर लागला. बाळाचा बाप, मेंढपाळ, उंटाशेजारचे तीन राजे, सगळ्या मूर्ती एकेक करून बाहेर, भिंतीच्या कडेला. बारा दिवस गडीमाणसानं बाळंतिणीच्या कोपीत पाय ठेवायचा नाही. सरस्वतीबाई पोट धरून हसल्या. "ते राजे तसेही उशिराच पोचले होते गं. बारा दिवस म्हटलंस तरी चालेल."

मग राजनंदिनी आली. ही त्या कंपनीची व्यवस्थापक. हातात दोन फोन, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी छापील. तिनं कोपीला एक चक्कर मारली.

"दर्शनी बाजू कुठंय?"

"हीच की," सिंधुबाई म्हणाल्या.

"यातून लोकांना दिसणार काय?"

"काय दिसाया पायजे?"

"आई आणि बाळ! तेच बघायला लोक तिकीट काढून येणार आहेत."

"मग त्येंना म्हनावं, बारा दिसांनी या."

राजनंदिनीचा पारा चढला. "अहो, पण कावून? कावून लावलं दार तिकडं?"

सिंधुबाईंनी मान वर केली. "पोरी, तू बीडची का गं?"

होतीच बीडची. वडिलांचं घर बसस्टँडच्या मागं. पुण्यात आल्यावर तिनं आपलं 'कावून' बासनात बांधून ठेवलं होतं आणि कामगारांसमोर ते असं सुटलं. माणसाला आपलं गाव लपवायचं असलं, की तो गावच्याच माणसावर जास्त डाफरतो. तिनं जीवनला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की संध्याकाळपर्यंत समोरची भिंत कापून मोकळी झाली पाहिजे, नाहीतर आईला घेऊन निघायचं आणि परत तोंड दाखवायचं नाही. शिवाय सजावट संपली तरी बाईंनी थांबायचं. कोपीशेजारी बसायचं, नऊवारी नेसून, पाटी लावून. लोकांना कारागीर बघायला आवडतो.

वाचकहो, मी शिवी लिहून खोडली आहे. खोट्या झाडाला, खोट्या बर्फाला, खोट्या दाढीला एक अक्षर कुणी बोलत नाही. तिथं एकच खरी वस्तू उभी राहिली आणि तीच तेवढी चुकीची निघाली!

जीवन आईपाशी येऊन बसला. "माय, प्लास्टरची बाहुली हाय ती. तिला कसली लाज आन कसलं वारं?"

तेव्हा सिंधुबाईंनी त्याला ते सांगितलं, जे सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"तू दोन दिसाचा व्हतास. कारखान्याच्या माळावर, कोपीत झाला व्हतास तू. दवाखाना लांब, गाडी न्हाई. तुझा बाप फडात गेलता. म्या तुला पाजत बसले व्हते, आंगावर धड कपडा न्हाई, आंग सगळं ठणकतंय. दाराला पोत्याचा पडदा. तवा दार रस्त्याकडंच असायचं सगळ्यांचं. आन येकदम उजेड आला. बगते तर येक गडी पडदा वर धरून हुबा आन दुसरा फोटो काढतोय. शेरातली मानसं. म्या तोंड फिरवावं का तुला झाकावं, कळंना. त्येंनी इचारलं बी न्हाई. चार फोटो काढले, पडदा सोडला, गेले. मग ते पेपरात आलं. मुकादमानं पेपर आनला, समद्या टोळीत फिरला. गडीमानसं बघायची आन माझ्याकडं बघायची. तुझा बाप आट दिस माझ्यासंगं बोलला न्हाई, जशी म्याच बोलावलं व्हतं त्येंना. त्येच्यापासनं म्या पोटुशीच्या कोपीला दार मागं ठिवते. आता काप म्हनतोस तर काप. म्या बगते."

हे मला सांगताना सिंधुबाई माझ्याकडं पाहत नव्हत्या. मी खाली मान घालून वहीत लिहीत राहिलो. चहा निवला होता.

जीवननं ऐकलं, आणि तरीही कापलं. मी म्हणालो, "असला कसला लेक?" तशा बाई माझ्यावरच कडाडल्या. "त्येला बोलू नगा. पौर्णिमाला, त्येच्या बायकूला, सातवा म्हैना व्हता. नोकरी गेल्यावर कुटं नेली असती तिला? परत फडात?" त्यानं कोयत्यानं मधोमध मोठी खिडकी पाडली. पाचट खाली पडत गेलं आणि आतली बाज, झोळी, चूल सगळं दिव्याच्या झोतात उघडं पडलं. राजनंदिनीनं लगेच फोटो काढून मालकांना पाठवला. तिनं विचारायचं तरी कुणाला? प्लास्टरला?

दुसऱ्या दिवशी दुपारी नाताळनगरी उघडली. लोंढा आत आला. सिंधुबाईंनी नऊवारी नेसली, कंपनीची पाटी उचलून झाडामागं ठेवली, कोपीपुढची दोरी ओलांडली आणि त्या कापलेल्या खिडकीत गर्दीकडं पाठ करून बसल्या. गाठोड्यातली दुसरी वाकळ दोन्ही बाजूंना खोचून घेतली. आतलं काही दिसेना. गर्दीला तो देखाव्याचाच भाग वाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि एका म्हातारीच्या पाठीचे फोटो काढले. रखवालदार आला. त्या म्हणाल्या, "बाळंतीण हाय आत." तो साताऱ्याकडचा होता, घरी लेकीबाळी असतील. तो मागं सरकला.

पहिला दिवस असा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी एक तरुण बाई कोपीपाशी येऊन रडवेली उभी राहिली. नाव वनमाला. नाशिकहून आलेली, कडेला दोन-अडीच महिन्यांचं लेकरू, रडून लालबुंद झालेलं. पाजायला जागा शोधत ती अर्धा तास त्या जत्रेत फिरत होती. केकवाल्यानं पुढं पाठवलं, पुढच्यानं पार्किंगमध्ये जा म्हणून सांगितलं, एका पोरीनं स्वच्छतागृहाकडं बोट दाखवलं. बर्फाला यंत्र होतं, खोट्या हरणांना कुंपण होतं, म्हाताऱ्याला गादीची खुर्ची होती. आई आणि बाळाचा सण, आणि त्या अख्ख्या मैदानात आईला बसायला वीतभर जागा नाही! दोन हजार वर्षांत काय शिकलो आम्ही?

सिंधुबाईंनी तिला मागच्या दारानं आत घेतलं. बाजेवर बसवलं, मरियेला थोडं सरकवलं. मग बाहेर येऊन वाकळ खिडकीवर सोडली आणि तिच्यापुढं बसून राहिल्या. लेकराचं रडणं थांबलं. बाहेरच्या दोघी-तिघींनी ते ऐकलं आणि काय ते ओळखलं. पाच वाजेपर्यंत कोपीच्या मागं सात बायांची रांग लागली होती.

राजनंदिनी धावत आली. हे चालणार नाही, हे आकर्षण आहे, यासाठी जाहिरातदारानं पैसे मोजलेत. रांगेतल्या बायांनी तिला जे ऐकवलं ते सिंधुबाईंनी मला शब्दाशब्दानिशी सांगितलं, पण पुरवणी घरोघर जाते. एवढं सांगतो, की एकीनं लेकरू तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे घे, तूच गप्प कर." राजनंदिनी ते रडणारं पोर घेऊन उभी राहिली. मग तिनं ते परत दिलं, फोन खिशात टाकला आणि निघून गेली. एक जानेवारीपर्यंत ती वाकळ कुणी काढली नाही. सरस्वतीबाई रोज सराव झाला की येऊन चुलीवर पाणी तापवून द्यायच्या.

तुम्हाला वाटेल, गोड शेवट झाला. थांबा. यंदाच्या जाहिरातीत कंपनीनं काय छापलंय ते वाचा. 'मातांसाठी आमची अभिनव संकल्पना: आई-बाळ झोपडी.' आमची! सिंधुबाईंना यंदा बोलावणंही नाही. झोपडी फायबरची केली आहे, धुता येते. जीवनची नोकरी टिकली आहे. पौर्णिमा इथं नांदूरघाटलाच बाळंत झाली. मी गेलो तेव्हा आतल्या खोलीत नात झोपली होती आणि तिच्या दारालाही पडदा होता.

मी वही मिटली. मला फार राग आला होता. कंपनीचा, राजनंदिनीचा, जाहिरातदाराचा, आमच्या पुरवणीचा, बर्फाच्या ठळक अक्षरांचा. मी तसं बाईंना मोठ्यानं बोलूनही दाखवलं. बोलता बोलता माझी नजर माझ्याच हाताकडं गेली आणि माझं बोलणं आटलं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी नवा होतो. शहरातून एक छायाचित्रकार आला होता, त्याला ऊसतोडीचं काहीतरी 'अस्सल' हवं होतं. मी त्याला मोटारसायकलवर बसवून कारखान्याच्या माळावर नेलं. कोपीत ओली बाळंतीण आहे, हे मीच विचारून काढलं. त्याचे दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेले होते. पोत्याचा पडदा मी धरला. फोटो पहिल्या पानावर आला, त्याखालची ओळ मी लिहिली होती: 'फडातली माय'. त्याला बक्षीस मिळालं आणि मला तालुका.

"सिंधुबाई," मी म्हणालो, "तो पडदा मी उचलला होता."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "आता बी तसाच उचलून आत आलाव तुमी. न इचारता. तवाच वळखलं. म्हनलं बगू, ह्यो आपल्या तोंडानं सांगतो का."

माफी मागावी, तर ती इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडानं मागायची? मी उठलो. या वेळी दारात थांबलो आणि विचारलं, "येऊ का?" त्यांनी मान हलवली. मी वाकळ हळू बाजूला केली, बाहेर आलो आणि परत नीट लावून घेतली.

तर संपादक महाराज, सोबत फोटो नाही. मागू नये. जुना तुमच्या दप्तरात असेल, तोही काढू नये. त्या ओळीत मी तिचं नाव लिहिलं नव्हतं, कारण आम्ही ते विचारलंच नव्हतं. यंदा विचारून आणलंय. फोटोची जागा मोकळी ठेवली असेल, तर तिथं बर्फाच्या वेळेपेक्षा मोठ्या अक्षरात एवढंच छापा: सिंधुबाई शहादेव ओव्हाळ, नांदूरघाट.